थर्मोमीटर नेमका कुठे तोडायचा?

पत्राचा गोषवारा: सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना सेमी इंग्रजीतून विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. त्यांचं स्वतःचं शालेय शिक्षण मराठी माध्यमातलं, पुढे बी.एस्सी., बी.एड. लांबलचक इंग्रजी शब्द त्या फळ्यावर लाल खडूनं तुकडे पाडून लिहितात आणि मुलांकडून स्पेलिंग पाठ करून घेतात. पालकसभेत “पुढच्या आठवड्यात प्रत्येक गटानं एक थर्मोमीटर आणायचा आहे” असं त्या सांगत असताना पुण्यात नोकरीला असलेले एक पालक सगळ्यांसमोर म्हणाले, “मॅडम, थर्मोमीटर नाही, थर्मॉमिटर.” चारदोन जण हसले. घरी येऊन बघितलं, तर एका शब्दकोशात लांब शब्द एका ठिकाणी तोडलेले, दुसऱ्यात भलतीकडेच, आणि मोबाइलमधला आवाज तिसरंच काही म्हणतोय. त्या विचारतात: शब्द कुठे तोडायचा याचा काही नियम आहे का? माझ्यामुळे मुलांचं नुकसान होतंय का? आठ हजार रुपये भरून ऑनलाइन “ॲक्सेंट” क्लास लावू का? त्या पालकांना काय सांगू? आणि शेवटी लिहितात, “हल्ली लांब शब्द आला की मी तो मुलांनाच वाचायला लावते.”

बाई,

तुमच्या पत्रातलं हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. उच्चाराचं नंतर बघू. विज्ञानाची शिक्षिका फळ्यावरच्या शब्दाला बिचकून तो मुलांवर ढकलायला लागली, हे नुकसान “थर्मोमीटर”पेक्षा कितीतरी मोठं आहे. ते आधी थांबवा.

आता ते पालक. इंग्रजी बोलताना त्यांचा उच्चार बरोबर आहे. पण तुम्ही बोललात ते वाक्य पुन्हा वाचा. “प्रत्येक गटानं एक थर्मोमीटर आणायचा आहे.” हे मराठी वाक्य आहे. मराठीत “थर्मोमीटर” पुल्लिंगी आहे, “आणायचा” आहे, आणि त्याचा उच्चारही मराठीच आहे. आपण “हॉटेल”मध्ये जेवतो, “कमिटी”वर असतो, “डेव्हलपमेंट” झाली की नाही यावर वाद घालतो. हे शब्द मराठीत येऊन कैक वर्षं झाली, आणि येताना त्यांनी मूळचा आघात, म्हणजे शब्दातल्या ठरावीक तुकड्यावरचा जोर, सीमेवरच ठेवला. मराठी वाक्यात कुणी “टेल”वर जोर देऊन “होटेल” म्हणायला लागलं तर आपल्यालाच हसू येईल. त्यामुळे सभेतली दुरुस्ती मुळात अस्थानी होती. माफी मागायची गरज नाही, आणि पुढच्या सभेत हिशेब चुकता करायचीही नाही. कुठे भेटलेच तर “इंग्रजीत थर्मॉमिटर, बरोबर आहे तुमचं, मुलांना दाखवलं मी” एवढं पुरे.

पण तुम्ही इंग्रजीतूनही शिकवता. तिथे प्रश्न खरा आहे, म्हणून त्याच्याकडे वळते.

(पुढे मी एक खूण वापरणार आहे: ˈ अशी उभी रेघ. ज्या तुकड्यावर जोर, त्याच्या आधी ती येईल. उच्चारकोशांत हीच खूण असते, तेव्हा आत्ताच ओळख करून घेतलेली बरी.)

तुमची समजूत अशी दिसते की शब्दाला तुटायची एकच खरी जागा असते, ती जागा सापडली की उच्चार आपोआप जमतो, आणि ती आपल्याला सापडत नाही हा आपल्या माध्यमाचा दोष. या तिन्हीवर मला शंका आहे. पहिलीपासून सुरुवात करू, कारण तिथेच शब्दकोशांनी तुम्हाला चकवलंय.

इंग्रजी शब्द तीन कारणांसाठी तोडतात आणि तिन्ही वेळा सुरी वेगळ्या जागी पडते. एक, छपाईसाठी: ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर कुठे मोडून खाली न्यायचा. दोन, अर्थासाठी: शब्द कशाकशाचा बनलाय. तीन, उच्चारासाठी: तोंडात किती तुकडे होतात.

बऱ्याच अमेरिकन कोशांत मुख्य शब्दातच बारीक ठिपके दिसतात. ते ठिपके छपाईवाल्यांसाठी असतात. खात्री करायची तर “अबाउट” हा शब्द काढून बघा. तोंडात त्याचे सरळ दोन तुकडे होतात, पण कोशात तो सलग छापलेला सापडेल, कारण ओळीच्या शेवटी एकटं “ए” अक्षर सोडून बाकी शब्द खाली न्यायचा नाही असा छापखान्याचा संकेत आहे. शिवाय अमेरिकन मंडळी ही मोडणी उच्चाराच्या कलानं करतात, तर ब्रिटिश परंपरा शब्दाच्या घडणीकडे बघते. त्यामुळे “फोटोग्राफी” अमेरिकेत “जी” या अक्षरानंतर मोडेल, तर ब्रिटनमध्ये “फोटो” पुरा झाल्यावर. “नॉलेज”चंही तेच: ब्रिटिश पद्धतीत “नो” म्हणजे जाणणे हा शब्द अखंड राहतो, अमेरिकन पद्धतीत त्याला “एल” चिकटतं. तुमचे दोन कोश भांडत होते ते या कारणानं, आणि दोघांपैकी चूक कुणीच नव्हतं. आता तर हे काम संगणकच करतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रँकलिन लियांग यांनी १९८३ च्या प्रबंधात अक्षरांच्या ठरावीक जुळण्यांवरून मोडणीची जागा काढायची रीत बसवली, तिचाच वंश पुढे कित्येक सॉफ्टवेअरांत चालू आहे. त्या रीतीला उच्चार कळत नाही, अर्थही कळत नाही. तेव्हा ठिपके सोडून द्या. तुम्हाला हवा तो उच्चार पुढे, दोन तिरप्या रेघांमध्ये असतो.

अर्थाची मोडणी मात्र तुमच्या विषयासाठी सोन्यासारखी आहे. “फोटोसिंथेसिस” म्हणजे “फोटो” आणि “सिंथेसिस”, प्रकाश आणि जुळणी. मराठी “प्रकाशसंश्लेषण” बरोबर त्याच जागी सुटतं. लाल खडूचं काम इथे आहे. ज्या मुलाला “थर्मो” म्हणजे उष्णता आणि “मीटर” म्हणजे मोजणारं हे कळलं, तो “थर्मोस्टॅट” बघून अंदाज बांधू शकतो. स्पेलिंगसाठी मुलं “थेर-मो-मे-टेर” असं घोकत असतील तर घोकू द्या. स्पेलिंग लक्षात ठेवायची ती युक्ती आहे आणि परीक्षेत पेपर लिहायचाच असतो.

घोटाळा होतो तो अर्थाची मोडणी तशीच बोलायला घेतल्यावर. इंग्रजी उच्चार या शब्दांना नेमकं सांध्यावर धरतो. “थर्मो” आणि “मीटर” यांना जोडणारा जो “ओ” आहे, त्याच्यावरच सगळा जोर: थर-ˈमॉ-मि-टर. अर्थाच्या दृष्टीनं तो नुसता दुवा, उच्चारात मात्र तोच कणा. “बायो” आणि “लॉजी” यांचंही तेच होतं: बाय-ˈऑ-ल-जी. म्हणजे बाई, तुम्ही “थर्मोमीटर” म्हणालात कारण तुम्हाला तो शब्द कशाचा बनलाय ते ठाऊक आहे. ही चूक अडाणीपणाची नाही, शब्दाची फोड कळलेल्या माणसाची आहे.

याच ठिकाणी जरा थांबू, कारण विज्ञानाच्या वर्गात हा “मीटर” फार कामाचा आहे. मोजायची उपकरणं आणि मोजायची एककं हे दोन गट पाडा. उपकरणांत “मीटर”च्या आधी जोडणारा “ओ” असेल तर जोर त्या “ओ”वर: थर-ˈमॉ-मि-टर, ब-ˈरॉ-मि-टर, लॅक-ˈटॉ-मि-टर, दहावीच्या पुस्तकातला गॅल-व्ह-ˈनॉ-मि-टर, मोटरसायकलवरचा स्पी-ˈडॉ-मि-टर. जोर “ऑ”वर गेला की पुढच्या “मी”तली दीर्घ ई आक्रसून “मि” होते, हेही ऐका. एककांत उलट. जोर पहिल्याच तुकड्यावर आणि “मीटर” आपला लांब सुरात: ˈसेंटि-मीटर, ˈमिलि-मीटर. मध्ये “ओ” नसलेली काही उपकरणंही पुढूनच जड: ˈव्होल्ट-मीटर, ˈॲमिटर.

आणि हा फरक स्पेलिंगमध्येही दिसतो. आपल्याकडची पुस्तकं सहसा ब्रिटिश स्पेलिंग पाळतात. त्यात एककाचा शेवट “टी-आर-ई” असा असतो आणि उपकरणाचा “टी-ई-आर”. “मायक्रोमीटर” हा शब्द तर यासाठी फळ्यावर लिहावाच. तारेची जाडी मोजायचं उपकरण असेल तर माय-ˈक्रॉ-मि-टर, आणि मीटरचा दशलक्षावा भाग असेल तर ˈमाय-क्रो-मीटर. दोन्ही शेजारी लिहून मुलांना विचारा, कुठला हातात धरता येतो? एका मिनिटात उच्चार, स्पेलिंग आणि अर्थ तिन्ही जागच्या जागी बसतात. “किलोमीटर” तेवढा दोन्ही डगरींवर उभा आहे. एकक असून कित्येक इंग्रज त्याला “कि-ˈलॉ-मि-टर” म्हणतात, काही शुद्धतावादी त्यावर चिडतात, आणि कोश दोन्ही उच्चार देऊन मोकळे होतात. गणिताच्या सरांनाही सांगा: “डायमीटर” आपण सगळेच म्हणतो, इंग्रजीत तो डाय-ˈॲ-मि-टर, आणि “पेरिमीटर” प-ˈरि-मि-टर.

आता तुमचा मूळ प्रश्न, नियम आहे का? पक्का नाही. पण कामचलाऊ आणि बऱ्यापैकी भरवशाचा आहे, आणि तो शब्दाच्या शेपटीकडून लागू होतो. आपण लांब शब्द वाचताना डोक्याकडून तुकडे पाडत जातो आणि मध्येच दम लागतो. उलट करा. आधी शेवट बघा.

शेवटी “-शन”, “-इक”, “-इटी”, “-इअल” यांपैकी काही असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर. रि-ˈफ्लेक-शन, सा-यन-ˈटि-फिक, इन-ˈडस-ट्रि-अल. शेपटी बदलली की जोर सरकतो. “इलेक्ट्रिक”मध्ये तो “लेक”वर आहे, “इलेक्ट्रिसिटी”मध्ये “ट्रि”वर गेला. ˈफोटोग्राफ, मग फ-ˈटॉग्र-फर, मग फोटो-ˈग्रॅ-फिक: एकाच घरातली तीन भावंडं, तिघांचा जोर तीन ठिकाणी. “-ऑलजी” आणि “-ऑग्रफी” यांचा “ऑ” कायम जड. याउलट “-मेंट”, “-नेस”, “-फुल”, “-ली” या शेपट्या म्हणजे एसटीत उभ्यानं प्रवास करणारी माणसं, बसलेल्या कुणालाच जागेवरून उठवत नाहीत. “डिव्हेलप”मध्ये जोर “व्हे”वर, तर डि-ˈव्हे-लप-मंटमध्येही तिथेच. “एन्व्हायर्नमेंट” हा तुमच्या वर्गात रोजचा शब्द, तो इन-ˈव्हाय-रन-मंट.

अपवाद निघतातच. “अरिथ्मेटिक” हे नाम “-इक”नं संपूनही अ-ˈरिथ-म-टिक आहे. “पॉलिटिक्स” पुढूनच जड. असे शब्द अंगवळणी पडेपर्यंत पाठ करायचे, दुसरा इलाज नाही.

जीवशास्त्राच्या मुलांना अडवणारी खरी शेपटी “-सिस”ची. तिचे दोन गट आहेत. “ओसिस” असा शेवट असेल तर बहुतेक वेळा “ओ” जड: ऑझ-ˈमो-सिस, माय-ˈटो-सिस, सिम-बाय-ˈओ-सिस, ट्यु-बर-क्यु-ˈलो-सिस. इतर ठिकाणी जोर शेवटून तिसऱ्यावर: अ-ˈनॅ-ल-सिस, हाय-ˈपॉ-थ-सिस, इलेक-ˈट्रॉ-ल-सिस, आणि तुमचा फोटो-ˈसिन-थ-सिस. बेडकाच्या जीवनचक्रातला “मेटामॉर्फोसिस” “ओसिस”नं संपूनही सहसा दुसऱ्या गटात बसतो, मे-ट-ˈमॉर-फ-सिस. त्याचं कारण मुलांना सांगत बसू नका.

आता तुकडे मोजायचे कसे? छापलेले स्वर मोजू नका, ऐकू येणारे मोजा. हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणायचा, जबडा जितक्यांदा खाली येईल साधारण तितके तुकडे. “रिदम”च्या स्पेलिंगमध्ये ए-ई-आय-ओ-यू यांतलं एकही अक्षर नाही, तरी तुकडे दोन. “स्ट्रेंग्थ्स” लिहिताना आपली दमछाक होते, पण तुकडा एकच. मराठीतही लिपी आणि तोंड यांचा हिशेब वेगळा असतोच. “कमळ” तीन अक्षरी, पण बोलताना क-मळ असे दोनच तुकडे. मुलांना हे आधी मराठीत दाखवा, मग इंग्रजीकडे जा. फार सोपं जातं.

आणि जोर म्हणजे काय? नुसता मोठा आवाज नव्हे. जड तुकडा जरा लांबतो, त्याचा सूर बदलतो, आणि मुख्य म्हणजे शेजारचे तुकडे हलके होतात. आपलं बिनसतं ते इथे. देवनागरीत प्रत्येक अक्षराला त्याचा मान द्यायची आपली सवय, म्हणून “फो-टो-ग्रा-फर” असे चार तुकडे आपण सारख्या वजनानं टाकतो. इंग्रजीत “फटॉग्रफर” म्हणताना “टॉ” सोडून बाकी सगळ्यांचा स्वर विरून जवळपास आपला ऱ्हस्व “अ” होतो. हा “अ” मराठी माणसाला परका नाही, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. फक्त “ओ” लिहिलेला दिसत असताना “अ” म्हणायचं धाडस करावं लागतं. मराठी व्याकरणाच्या तासाला आपण “जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येतो” असं शिकलो, “पुस्तक”मधला “पु” गुरू आणि “तुझ्या”मधला “तु” लघू. तो आघात आणि हा जोर एक नाहीत, पण ज्याला “पुस्तक” आणि “तुझ्या” यांतला फरक कानाला कळतो, त्याला इंग्रजीतला फरकही कळणार. कान तयार आहे. सवय लागायची आहे.

आता नुकसानाचा प्रश्न. इथे जाणकारांतच दोन मतं आहेत आणि तुम्हाला दोन्ही माहीत असलेली बरी. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेत आर. के. बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी बाहेरच्यांना कितपत समजतं याचा अभ्यास केला होता, तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. भलत्या तुकड्यावर पडलेला जोर हे न समजण्याचं एक मोठं कारण त्यांना आढळलं. त्यानंतर तीसेक वर्षांनी, २००० मध्ये, इंग्लंडच्या जेनिफर जेन्किन्स यांनी वेगळा प्रश्न विचारला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशी दोन माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा काय चुकलं तर अडतं? त्यांच्या आवश्यक गोष्टींच्या यादीत शब्दातला जोर नाही. वाक्यात कुठल्या शब्दावर भर द्यायचा, हे मात्र आहे. म्हणजे ऐकणारा कोण, यावर उत्तर बदलतं. तुमची मुलं उद्या कराडच्या कॉलेजात, मग कदाचित पुण्यात, चेन्नईत बोलणार. तिथे “थर्मोमीटर” म्हटल्यानं कुणाचं अडणार नाही. परदेशी माणसाशी फोनवर बोलायची वेळ आली तर “डेव्हलपमेंट”चा जोर चुकल्यानं समोरचा “पार्डन?” म्हणू शकतो. नुकसान आहे ते एवढंच, आणि ते भरून निघण्यासारखं आहे.

बरं, ज्याला आपण “बरोबर उच्चार” म्हणतो तो आला कुठून? डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश १९१७ मध्ये निघाला. त्यात नोंदलेले उच्चार होते दक्षिण इंग्लंडमधल्या, खर्चिक निवासी शाळांत शिकलेल्या पुरुषांच्या घरांतले. मूठभरांची बोली, पण ती कोशात बसली आणि जगभर नमुना ठरली. अटलांटिक ओलांडला की त्याच शब्दांचा जोर हलतो. प्रयोगशाळेला ब्रिटिश “ल-ˈबॉ-र-ट-री” म्हणतात, अमेरिकन “ˈलॅब-र-टॉ-री”. जाहिरात ब्रिटनमध्ये अड-ˈव्हर-टिस-मंट, अमेरिकेत ॲड-व्हर-ˈटाइझ-मंट. मोबाइलमधला आवाज तुम्हाला तिसरंच सांगत होता तो बहुधा या कारणानं. त्या ॲपमध्ये ब्रिटिश की अमेरिकन हे निवडता येतं का बघा, एक निवडा आणि तोच ठेवा. मी ब्रिटिश सुचवेन, केवळ पुस्तकातल्या स्पेलिंगशी जुळतो म्हणून.

वर्गात काय करायचं? नवा धडा सुरू करण्याआधी त्यातले नऊ-दहा लांब शब्द वेगळे काढा. प्रत्येकाची शेपटी बघून अंदाज करा, मग कोशात उभी रेघ कुठे आहे ते पडताळा. वर असलेली रेघ मुख्य जोराची, खाली असलेली दुय्यम जोराची. काही जुन्या अमेरिकन कोशांत खूण जड तुकड्याच्या नंतर येते, त्याकडे लक्ष असू द्या. मग आवाज ऐका, आणि पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं तो तुकडा अधोरेखित करून ठेवा. सुरुवातीला वेळ लागेल, पण शब्द पुन्हापुन्हा तेच येतात. सहावी-सातवीच्या विज्ञानात लांब शब्दांची संख्या काही अगणित नाही.

फळ्यावर लाल खडू अर्थाच्या फोडीसाठी राहू दे, आणि जोराच्या तुकड्याखाली पांढऱ्या खडूची जाड रेघ मारा. दोन रंग, दोन कामं. मुलांना ही सरमिसळ एकदा उघड करून सांगा, “लिहायला असं तोडू, बोलायला असं.” एखादं रबर बँड दोन्ही हातांत धरून शब्द म्हणायचा आणि जड तुकड्यावर ते ताणायचं, हा खेळ जगभरच्या इंग्रजीच्या वर्गांत चालतो, तुमच्याकडेही चालेल. मागच्या बाकावरची मुलं रबर बँडचं आणखी काय करतील त्याची जबाबदारी माझी नाही. पण या सगळ्याला तासातली दोन मिनिटं, जास्त नाही. तास विज्ञानाचा आहे. मूल पानातल्या हरितद्रव्याचं काम नीट सांगत असेल आणि “क्लोरोफिल”चा जोर चुकला असेल, तर मध्येच टोकू नका. उत्तर पुरं होऊ द्या, शाबासकी द्या, मग तुमच्या पुढच्या वाक्यात सहज “ˈक्लॉ-र-फिल” म्हणून टाका. सभेत तुम्हाला टोकलं तेव्हा कसं वाटलं, ते तुम्हाला सांगायला नको.

आणि लांब शब्द पुन्हा स्वतः वाचायला लागा. चुकला तर “थांबा, बघू या” म्हणून मुलांदेखत कोश उघडा. विज्ञानाच्या बाईंनी पडताळून बघितलेलं मुलांनी पाहिलं तर त्यात कमीपणा कसला?

राहिला क्लास. आठ हजार ही तुमच्या पगारात लहान रक्कम असेल की मोठी, ते तुम्ही ठरवा. बोलायचा धीर यावा, समोर कुणीतरी ऐकणारं असावं म्हणून क्लास लावणार असाल तर हरकत नाही, घरात एकट्यानं सराव होत नाही हे खरंच आहे. पण शेजारच्या शाळेतल्या दोन सेमीच्या बाई गाठून आठवड्यातून एकदा व्हॉट्सॲपवर एकमेकींना धडा वाचून पाठवलात तरी हेच साधतं, फुकटात. “ॲक्सेंट” बदलून देतो म्हणणाऱ्यांपासून मात्र जपून राहा. तुमचा साताऱ्याचा सूर बदलायची काहीच निकड नाही, शब्दातला जड तुकडा बरोबर सापडला की त्या सुरातलं इंग्रजी छान समजतं. तरीही लावायचाच असेल तर पैसे भरण्याआधी त्यांना फोन करून एवढंच विचारा, “मायक्रोमीटर”चे दोन उच्चार कोणते आणि कशासाठी. उत्तर आलं तर फीचं बोला.